बारीराव

वेनान्सिओ बारेइरो,
तुझं नाव आमच्या घरात कुणाला नीट घेता आलं नाही.
नायना म्हणायचे, बारीराव.
आई विड्या वळता वळता विचारायची,
कुठले हे, अक्कलकोटचे का?

तुमच्याकडे संध्याकाळ, आमच्या साखर पेठेत साडेतीनची पहाट.
रात्रपाळीवरून येऊन, भुवयांवरचा कापूस न पुसता
नायना टीव्हीपुढे पाटावर बसायचे.
आवाज बंद.
आम्ही झोपलेलो म्हणून नव्हे.
बावीस वर्षं सोळा मागांच्या मधोमध उभं राहून
त्यांचे कान गेले होते,
आणि आत एक खडखड राहिली होती
जी दिवाळीच्या सुट्टीतही थांबायची नाही.

मी सातवीत, तू सतराचा.
नदीकाठच्या कुठल्याशा गावचा, दात पुढे,
जर्सी दोन मापं मोठी.
पहिला गोल तुझ्या गुडघ्याला लागून गेला
आणि तू लाजलास.
नायना म्हणाले, चांगल्या घरचा आहे.

मग तुला विकलं.
आकडा पेपरात आला, तेव्हा नायनांनी
मार्कंडेयाच्या कॅलेंडरमागे हिशेब मांडला :
एका टॉवेलला सव्वा रुपया, तर असे टॉवेल किती?
मार्चची पाठ भरली, एप्रिलची भरली,
जूनमध्ये कुठेतरी त्यांनी पेन्सिल कानावर ठेवून दिली.

तिकडे तू बाकावर.
थंडीत, गुडघ्यांवर रग.
पेटीतला धोटा, नायना म्हणाले, आणि चॅनेल बदललं नाही.
गुडघा फाडला, शिवला.
एका क्लबानं दुसऱ्याला उसना दिला,
दुसऱ्यानं तिसऱ्याला,
आमच्याकडे जॉबर देतात तसा.
प्रत्येक नवा रंग नायना लक्षात ठेवायचे,
पिवळा कच्चा आहे म्हणायचे, दोन धुण्यांत जाईल.

आणि ती पेनल्टी.
तेव्हा मी बी.कॉम.ला, हेडफोन लावून जागा.
चेंडू आडव्या दांडीवरून गेला तो गेलाच.
चाळीस हजार माणसं तुला काय म्हणत होती
ते भाषा न येताही मला कळलं.
नायनांना फक्त हात दिसले,
वर केलेले, हलणारे हात, पांढरे रुमाल.
बघ बे, ते म्हणाले,
किती माणसं धीर देतायत त्याला.

मी हेडफोन काढून ठेवला.

तू टॉवेल डोक्यावर घेतलास.
नायना उठून पडद्याच्या अगदी जवळ गेले,
काठ बघितला. दुहेरी टाका.
आपल्याकडचा असेल.
नसेल, मी म्हणालो.
ते त्यांना ऐकू गेलं नाही.
किंवा गेलं.

तू थांबलास ती बातमी दोन ओळींची,
सोन्याच्या भावाखाली.
त्याच महिन्यात माग गेले, सोळाच्या सोळा,
किलोवर, भंगाराच्या टेम्पोतून, विडी घरकुलच्या रस्त्यानं.
नायनांना कुणी हार घातला नाही. तुला?
तुझी शेवटची मॅच मी शोधून काढली :
गावचंच मैदान, दुसरी फळी,
तू पळत नव्हतास, नुसता उभा राहून हात दाखवायचास,
इकडे दे, इकडे दे.
एक्क्याऐंशीव्या मिनिटाला बाहेर.
नायनांनी ती मोबाईलवर दोनदा बघितली. पोट सुटलंय, म्हणाले.

आता संध्याकाळी ते होम मैदानाच्या कडेला बसतात.
चपलांचे गोलपोस्ट, चेंडूत अर्धीच हवा.
परवा एका पोरानं समोरासमोरचा गोल घालवला.
बाकीच्यांनी त्याची आई-बहीण काढली.
नायना धडपडत उठले,
खांद्यावरचा पांढरा टॉवेल काढला,
दोन्ही हात वर करून हलवत राहिले,
बराच वेळ.

पोरानं एकदा बघितलं,
आणि मान खाली घातली.